पहाटेची तिथी

माझ्या टेबलावरच्या पाटीवर हल्ली ‘कोड रिव्ह्यूअर’ असं लिहिलेलं आहे. तीस वर्षं प्रोग्रॅम लिहून झाल्यावर ही बढती मिळाली. बढतीचा अर्थ एवढाच, की लिहायचं यंत्राने आणि ते वाचून मान मी डोलवायची. नाही डोलवली तरी यंत्र रागावत नाही. ‘आपलं निरीक्षण अगदी मार्मिक आहे’ असं म्हणतं आणि तीच चूक कपडे बदलून पुन्हा समोर आणून उभी करतं. इतकं नम्र आणि इतकं निगरगट्ट मला आयुष्यात दुसरं कोणी भेटलेलं नाही, आणि मी बरीच वर्षं सरकारी कचेऱ्यांत सॉफ्टवेअर बसवत फिरलेली बाई आहे.

आमचं ऑफिस रत्नागिरीत, एसटी स्टँडपासून पाच मिनिटांवर, औषधांच्या एका दुकानाच्या वर. मालक माझाच जुना विद्यार्थी. मी कॉम्प्युटरचा क्लास चालवत होते तेव्हा हा शेवटच्या बाकावर बसून की-बोर्डाच्या फटीत अडकलेले चुरमुरे काढत असे. पुढे पुण्याला जाऊन आला, पाठीवर सॅक आणि तोंडात इंग्रजी घेऊन आला, आणि त्याने ही कंपनी काढली. माझा क्लास तोवर बंद पडला होता. त्याने मला नोकरीवर घेतलं, आणि अजूनही मॅडम म्हणतो, खुर्ची देतो, हे कबूल केलंच पाहिजे. मुलगा वाईट नाही. फक्त जे नवीन ते खरं, असं त्याला मनापासून वाटतं.

दोन वर्षांपूर्वी एका सोमवारी त्याने सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, की आता कोड लिहायचा नसतो, सांगायचा असतो. कोकणातल्या माणसाला सांगायला काय लागतं? आमच्या ऑफिसातली पाच पोरं दुसऱ्या दिवसापासून यंत्राला सांगू लागली. ‘कृपया’ म्हणत, ‘नीट विचार कर’ म्हणत, घरी आईशी कधी बोलली नसतील इतक्या गोडीने. एक मुलगी तर सकाळी आल्या आल्या यंत्राला गुड मॉर्निंग लिहीत असे. यंत्र पानंच्या पानं कोड ओकत असे, आणि ही पोरं चहा पीत त्याच्याकडे कौतुकाने बघत. मी एकदा त्या मुलीला विचारलं, की हे चाळीस ओळींचं काम चारशे ओळींत का झालं आहे. ती म्हणाली, मॅडम, चालतंय ना. चालतंय ना, हे आमच्या ऑफिसचं ब्रीदवाक्य व्हायला हरकत नाही. पाटी रंगवून जिन्यात लावावी.

मी ज्या काळात शिकले तेव्हा ओळ महाग होती. दिवसातून तीनदा वीज जायची. जे लिहिलं ते आधी कागदावर छापून घ्यायचं, बाहेर पायरीवर बसून पेन्सिलीने तपासायचं, आणि वीज आली की दुरुस्त करायचं. त्यामुळे प्रत्येक ओळ पाठ व्हायची. चुकली तर स्वतःच्या अकलेची लाज वाटायची. आता लाज वाटायला चूक कोणाची ते तरी ठरायला हवं. यंत्र म्हणतं क्षमस्व, पोरगी म्हणते मी फक्त सांगितलं होतं, आणि मालक म्हणतो यातून आपण शिकू. मी अजून कोणालाही काही शिकताना पाहिलेलं नाही.

हे सगळं मी तोंडाने बोलत असते आणि बोलण्यात मला आनंदही वाटतो. पण त्याच ऑफिसात, त्याच यंत्राच्या नादी लागून, मी जे केलं तेही सांगितलं पाहिजे. त्यासाठी भरती-ओहोटीच्या प्रोग्रॅमपासून सुरुवात करावी लागेल.

वीसेक वर्षं झाली त्याला. भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी वाळू साचते. आत बंदराला लागलेल्या होड्यांना बाहेर पडायचं तर त्या वाळूवरून जावं लागतं, आणि वाळूवर पुरेसं पाणी असतं ते फक्त भरतीच्या आगेमागे. जुन्या तांडेलांना, म्हणजे होडी चालवणाऱ्या मुख्य माणसांना, ह्या वेळा तोंडपाठ. पण होड्यांवर बाहेरून आलेली माणसं वाढू लागली, कोणी कर्नाटकातली, कोणी थेट नेपाळातली. त्यांना आमचं पंचांग कुठून कळायला? म्हणून मच्छीमार सोसायटीने मला सांगितलं, की दर आठवड्याच्या भरतीच्या वेळा छापून द्या, आम्ही भिंतीला चिकटवू.

मला ते काम फार सोपं वाटलं. मी काही खाडीकाठी वाढलेली नव्हते. माझं लहानपण पोफळीच्या वसाहतीत गेलं, वडील वीजकेंद्रात होते. समुद्र मी सुट्टीत पाहिलेला. सोसायटीने एका तांडेलाकडे पाठवलं. तेव्हा ते पन्नाशीचे असतील. बंदराच्या पायऱ्यांवर जाळं पुढ्यात घेऊन बसलेले. मी वही काढली, तर म्हणाले, वही ठेव आणि बोटं पुढे कर. बोटांच्या पेरांवर त्यांनी मला हिशेब शिकवला. भरती दर तिथीला पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून तिथीची पाऊणपट केली की दुपारनंतरच्या भरतीची वेळ हाती येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यापुढे साडेबारा तासांच्या आसपास पुन्हा भरती. मी परत आले, पंचांगातल्या तिथ्या भरल्या, दोन दिवसांत प्रोग्रॅम लिहिला, आणि छापील कागद घेऊन ऐटीत त्यांच्यापुढे उभी राहिले.

त्यांनी कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचला. दुपारच्या वेळांवर मान हलवली. मग पहाटेच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि थांबले.

“बाय, चवथीची भरती तू चवथीच्या पहाटेला कशी मांडलीस? ती पहाट अजून तृतीयेची.”

मी म्हटलं, तारीख तर रात्री बाराला बदलते. ते हसले. रात्री बाराला सगळी निजलेली असतात, तेव्हा दिवस बदलला हे कोणाला कळणार, असं त्यांनी विचारलं. मग शांतपणे समजावलं. दर्यावरचा दिवस सूर्य उगवल्यावर सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत चालतो. सूर्य उगवायच्या आधी होडी बाहेर काढायची तर आदल्या दिवसाची तिथी धरायची. नाहीतर पाऊण तासाने फसशील. भरती साडेचारला येऊन गेलेली असेल आणि तुझा कागद सव्वापाच म्हणत असेल. पाणी उतरत असेल आणि तुला वाटेल अजून चढतंय. “त्या पाऊण तासात होडी वाळूवर बसतां,” ते म्हणाले, “आणि मागनं लाट आली की आडवी पडतां.”

मी घरी आले आणि प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली: वेळ सूर्योदयाच्या आधीची असेल तर तिथी आदल्या दिवसाची घे. एकच ओळ. तिच्यावर टीप लिहिली नाही. तेव्हा मला टिपा लिहिणारी माणसं कमी अकलेची वाटायची. ज्याला कळायचं त्याला कळेल, हा माझा तोरा होता. तो कागद पुढे वीस वर्षं सोसायटीच्या भिंतीवर चिकटत राहिला, आणि तांडेलमामा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, की ह्या बाईला मी शिकवलंय. मला पदवीच्या कागदाचं कधी इतकं कौतुक वाटलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी मालकाला वाटलं, की कागदाचे दिवस गेले, हे मोबाइलवर हवं. कल्पना चांगलीच होती, हे मी तेव्हाही म्हटलं. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या ओढून ठेवलेल्या असतात, त्या दोन महिन्यांत हे काम उरकायचं ठरलं. पूर्वीची मी असते तर जुना प्रोग्रॅम समोर ठेवून नवा लिहायला बसले असते आणि महिनाभर कोणाशी बोलले नसते. मालकाने माझा जुना प्रोग्रॅम उचलला आणि यंत्राच्या तोंडात दिला. पाच मिनिटांत नवा तयार. वीस वर्षांचं माझं काम, आणि ते म्हणजे यंत्राचा सकाळचा नाश्ता.

शिवाय यंत्राने नुसतं भाषांतर केलं नाही. जाता जाता माझ्या प्रोग्रॅममधल्या चुका काढल्या. एकूण एकेचाळीस. त्यांची यादी, प्रत्येक चुकीखाली दोन-तीन वाक्यांचा खुलासा, तोही मराठीत, कारण मालकाने हौसेने तसं सांगितलं होतं. आणि प्रत्येक खुलाशाशेजारी दोन बटणं, स्वीकारा आणि नाकारा. ही यादी तपासायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मीच तर रिव्ह्यूअर.

पहिल्या दहा मी डोळ्यांत तेल घालून वाचल्या. खऱ्याच चुका होत्या. कुठे बिनकामाची ओळ राहिली होती, कुठे फेब्रुवारीचा घोळ होता. मराठी तर अशी सफाईदार, की शाळेतल्या आमच्या बाईंनी पाठ थोपटली असती. पंधरावीपर्यंत मला स्वतःचीच लाज वाटू लागली. विसावीपर्यंत मी यंत्राला मनातल्या मनात शाबासकी देऊ लागले होते. त्यानंतर मी खुलाशाचं पहिलं वाक्य तेवढं वाचत होते. शेजारी चहा होता, बाहेर पाऊस होता, आणि बटण दाबायला अजिबात कष्ट नव्हते.

एकतिसावी चूक अशी होती: ‘पहाटेच्या वेळांसाठी कोड अनवधानाने आदल्या दिवसाची तिथी वापरत होता. तारीख आणि तिथी यांचा मेळ बसवला आहे.’

अनवधानाने. हा शब्द मी आता जन्मात विसरणार नाही. तो वाचून माझ्या डोक्यात आलेला विचारही मला लख्ख आठवतो. मला वाटलं, अरेच्चा, इतकी वर्षं हे असं चाललं होतं? आणि मी ‘स्वीकारा’ दाबलं. बोटांच्या पेरांवर शिकलेली, पायऱ्यांवर बसून ऐकलेली, स्वतःच्या हाताने लिहिलेली ओळ होती ती. मला ती ओळखूही आली नाही.

माझे वडील वीजकेंद्रात कंट्रोल रूममध्ये होते. कुठलाही स्विच हलवायच्या आधी तिथे एक माणूस मोठ्याने म्हणायचा, अमुक बंद करतोय. दुसरा तेच शब्द मोठ्याने परत म्हणायचा. मगच हात स्विचला लागायचा. वडिलांना ह्याची इतकी सवय, की घरातला दिवा घालवतानाही ते आईला सांगत आणि तिच्याकडून वदवून घेत. आम्ही पोरं त्यांची नक्कल करून हसायचो. त्यांच्या मुलीने एकेचाळीस स्विच अर्ध्या तासात हलवले आणि तोंडातून शब्द काढला नाही.

यंत्राने मग तपासण्याही स्वतःच लिहिल्या. म्हणजे प्रश्नपत्रिका त्याची, उत्तरपत्रिका त्याची आणि तपासनीसही तोच. सगळीकडे हिरव्या खुणा. मालकाने हिरव्या खुणांचा फोटो काढून सोसायटीला पाठवला. सोसायटीने पुढच्या आठवड्यात भिंतीवरचा कागद काढला.

मासेमारी सुरू झाली. पहिले काही आठवडे काहीच घडलं नाही, कारण बहुतेक होड्या दिवसाउजेडी बाहेर पडत होत्या आणि दिवसाच्या वेळा बिनचूक होत्या. जुने तांडेल तर मोबाइलकडे बघतही नव्हते. श्रावण संपता संपता सोसायटीच्या कारकुनाचा फोन आला. पहाटेच्या वेळा थोड्या पुढे गेल्यासारख्या वाटतात, असं दोघातिघांचं म्हणणं होतं. फोन मालकाने घेतला. त्याने तो प्रश्न जसाच्या तसा यंत्राला टाइप केला. यंत्राने दीड पानाचं उत्तर दिलं. चंद्राचं गुरुत्वाकर्षण, किनाऱ्याची ठेवण, वाऱ्याचा दाब, सगळं त्यात होतं, आणि शेवटी असं, की आपला कोड अचूक आहे, स्थानिक परिस्थितीमुळे किरकोळ फरक संभवतो. स्थानिक परिस्थिती. म्हणजे आम्ही. मालकाने ते उत्तर कारकुनाला पाठवून दिलं. दीड पान वाचल्यावर कारकून गप्प बसला. मी त्याच खोलीत होते. मी कारकुनाला एक प्रश्न विचारला असता तर पाच मिनिटांत सगळं उघड झालं असतं. पण माझ्यापुढे तेव्हा दुसरी यादी होती, आणि तिच्यात साठ चुका होत्या.

पितृपक्ष लागला होता, वद्य षष्ठीची तारीख. तांडेलमामांनी दोन वर्षांपूर्वी होडी मुलाच्या हाती दिली होती. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे गेलेले. मुलगा तिशीतला, जबाबदार, लग्न झालेला. वडिलांचा हिशेब त्याला येत नव्हता असं नाही, पण पेरं मोजत बसण्यापेक्षा तो मोबाइल बघायचा. मामांनीच त्याला तसं सांगितलं होतं. त्या मोबाइलात माझाच हिशेब आहे, त्या बाईला मी शिकवलाय, बिनधास्त बघ, असं.

पहाटेची भरती मोबाइलवर चार पंचावन्नची होती. भरतीनंतर दीड तासापर्यंत वाळूवरून जाता येतं असा नियम. तो सव्वासहाच्या सुमारास निघाला, सूर्य उगवायच्या जरासा आधी. खरी भरती चार-दहाला होऊन गेली होती. मुखाशी पाणी दोन तास उतरत होतं. होडीचा तळ वाळूला घासला, तिने गती सोडली, आणि पश्चिमेकडून आलेल्या लाटेने तिला आडवं केलं. चार खलाशी पाण्यात पडले. तिथे पाणी छातीएवढंच होतं म्हणून चौघेही चालत बाहेर आले. तांडेलमामांचा मुलगा जाळं ओढायच्या लोखंडी रहाटावर आपटला आणि त्याचा पाय मांडीत मोडला. दुसऱ्या होडीवाल्यांनी त्याला दोरीने ओढून काढलं. होडीच्या एका अंगाच्या फळ्या फुटल्या.

ऑफिसात ही बातमी दहाला आली. मला ती ऐकताक्षणी सगळं समजलं असं म्हणायला मला आवडेल, पण तसं झालं नाही. मला आधी राग आला. बाहेरच्या लाटेचा, वाळू न काढणाऱ्यांचा, आणि मग हळूहळू, जसजशा वेळा कानावर आल्या, तसा यंत्राचा. मी बोटांच्या पेरांवर मोजलं. पाऊण तास. मालकाच्या खुर्चीशी जाऊन मी इतक्या मोठ्याने बोलले, की खालच्या दुकानातलं गिऱ्हाईक जिन्यात येऊन उभं राहिलं.

मालकाचा चेहरा उतरला. त्याने काय करावं? त्याने यंत्राला विचारलं. पहाटेच्या वेळांत पाऊण तासाची चूक आहे का, असं. यंत्राने लगेच उत्तर दिलं, ‘आपण अगदी योग्य मुद्दा निदर्शनास आणलात. पारंपरिक गणनेत दिवस सूर्योदयापासून सुरू होतो, त्यामुळे पहाटेसाठी आदल्या दिवसाची तिथी घेणं आवश्यक आहे. क्षमस्व.’ आणि खाली दुरुस्त केलेली ओळ. माझीच ओळ. त्याला सगळं माहीत होतं. महिन्यापूर्वी त्याच तोंडाने ते गुरुत्वाकर्षण सांगत होतं. दोन्ही वेळी तेवढाच आत्मविश्वास, तेवढीच नम्रता. मला तो पडदा फोडावासा वाटला.

मालक सोसायटीला पत्र लिहू लागला. ‘तांत्रिक कारणामुळे’ अशी सुरुवात होती. पत्रही अर्थात तो यंत्राकडून लिहून घेत होता. मी त्याला थांबवलं आणि म्हटलं, आधी ही ओळ कोणत्या गाढवाने पुढे जाऊ दिली ते बघू. प्रत्येक बदलाची नोंद राहते, कोणी मंजूर केला आणि किती वाजता. मालक जरा घुटमळला. मग त्याने पडदा माझ्याकडे वळवला. एकतिसावा बदल, दुपारी तीन वाजून बारा मिनिटं, आणि पुढे माझं नाव. त्याच्या आधीचा बदल तीन अकराला आणि नंतरचाही तीन बाराला.

मालकाला ते आधीच माहीत असावं. तो म्हणाला, मॅडम, कोणाचंही झालं असतं. मला त्याची कीव आली आणि माझी त्याहून जास्त. कोणाचंही झालं नसतं. ती ओळ का आहे हे जगात दोनच माणसांना माहीत होतं, आणि बटण त्यातल्या एकीच्या हाताखाली होतं.

संध्याकाळी मी रिक्षाने बंदरावर गेले. घर तेच, पुढे नवीन पत्र्याची शेड. तांडेलमामा ओटीवर बसले होते. मुलाला सिव्हिलमध्ये ठेवलं होतं, दुसऱ्या दिवशी पायात सळई घालणार होते. सून तिकडेच होती. त्यांना माझा आवाज ओळखायला वेळ लागला नाही. बस म्हणाले. मुलाचं कसं आहे ते मी विचारलं आणि त्यांनी सांगितलं. मग मी सांगायला सुरुवात केली. रिक्षात मी सगळं जुळवून ठेवलं होतं. हल्ली आम्ही लिहीत नाही, यंत्र लिहितं, मालकाचा हट्ट असतो, ते यंत्र कोणाच्याही जन्मभराच्या कामात ढवळाढवळ करतं, ते वर गोड बोलतं. सगळं खरंच होतं. पहाटेच्या तिथीची ओळ त्याने चूक समजून काढून टाकली, हेही मी सांगितलं.

त्यांनी मला मध्ये तोडलं नाही. मी थांबल्यावर त्यांनी मान शेडकडे वळवली. त्यांना आता किती दिसतं मला ठाऊक नाही.

“ता काढून टाकताना मशीननं कुनाला इचारला नाय?”

“विचारलं,” मी म्हटलं.

“कुनाला?”

“मला.”

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मी माफी मागितली, ती त्यांनी ऐकली की नाही ते कळलं नाही. उशाखालून त्यांनी मोबाइल काढला आणि माझ्यापुढे धरला. त्यातून ते काढून टाक, म्हणाले. मी सांगितलं, की दुपारीच दुरुस्ती झाली आहे, आता वेळा बरोबर आहेत, मी स्वतः प्रत्येक ओळ तपासली आहे. असू दे, काढ, म्हणाले. मी काढलं.

मी उठून चपला घालत होते तेवढ्यात बाजूच्या होडीवरचा एक तांडेल ओटीशी आला. कर्नाटकातला असावा, मराठी तुटकं बोलत होता. त्याने उद्या पहाटे पाणी कधी, असं विचारलं. मामांनी डावा हात पुढे घेतला, अंगठा पहिल्या पेरावर टेकवला आणि तोंड उघडलं. मग त्यांची मान माझ्या बाजूला वळली. त्यांनी हात मिटला आणि त्या माणसाला जरा बस म्हणून सांगितलं. मी फाटकापर्यंत चालत गेले, कडी काढली, बाहेर पडून कडी लावली. तोपर्यंत त्यांनी वेळ सांगितली नाही.